पाचव्या खेपेची काळी बिअर

अंधेरीच्या एका रंगाच्या कंपनीत सर्वेश घाडी आणि मी बरीच वर्षं शेजारी-शेजारी बसतोय. आमचं काम शेड जुळवण्याचं. कुणी भिंतीचा पोपडा आणतं, कुणी जुन्या स्कूटरचा पत्रा, आणि म्हणतं, अस्साच पाहिजे. सर्वेश त्यात तरबेज. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की तो रंगाचं नाव काढायचा नाही. तो बिअरबद्दल बोलायचा.

पिण्याबद्दल नाही, करण्याबद्दल. बोरीवली पूर्वेला कुलुपवाडीच्या बाजूला त्याचा वन बीएचके फ्लॅट. त्याच्या बंद केलेल्या बाल्कनीत एक सेकंडहँड फ्रीज, एक मोठं स्टीलचं पातेलं, प्लास्टिकची दोन पिंपं आणि बाटल्यांना बूच दाबायचं एक हातयंत्र, एवढा त्याचा संसार. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडून आणून तो त्या स्वतः उकळून घ्यायचा. घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर आम्ही भरपूर विनोद करायचो. तो विकत नव्हता. महिन्या-दीड महिन्याने एक खेप करायची आणि आम्ही चार-पाच मित्रांनी रविवारी जमून ती चाखायची, एवढंच. स्वतः तो एका ग्लासाच्या वर कधी गेला नाही. त्याचे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि वडील देशीच्या गुत्त्यावर बसायला लागले. सर्वेश कॉलेजात असताना लिव्हर जाऊन ते वारले. त्यामुळे ग्लास खाली ठेवताना त्याचा हात जरा घाईत असायचा, हे मी पाहिलंय.

त्याच्या आईला, वनमालाकाकूंना, हे बिअरचं प्रकरण पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "दारू नाही आई, बिअर आहे," तो म्हणायचा.

"आंबल्याचो वास तो आंबल्याचोच," काकू म्हणायच्या आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात काळी आयपीए घुसली. आयपीए म्हणजे कडू बिअर. तिच्यात हॉप्स भरपूर घालतात. हॉप्स ही एका वेलीची सुकवलेली हिरवी फुलं. कडूपणाही त्यांचा आणि वासही त्यांचाच. नेहमीची आयपीए सोनेरी असते. काळ्या आयपीएत गंमत अशी, की दिसायला ती डांबर, पण तोंडात घेतली की करपट लागता कामा नये. डोळ्यांना काळं दिसावं आणि नाकाला संत्र्याची साल, ओलं लाकूड, राळ असं काहीतरी यावं. सर्वेशसारख्या रंगवाल्याला हे वेड लागणारच. "रंग आहे पण रंगाची चव नाही, विद्याधर. विचार कर," तो मला म्हणाला होता.

पहिल्या खेपेला राख लागली. दुसरी कॉफी झाली. तिसरी बरी होती, पण वास मेलेला. चौथी मुंबईच्या उकाड्यात बिघडली. यीस्टला गारवा लागतो, आणि त्याचा फ्रीज कधी बर्फ करायचा, कधी कोमट व्हायचा.

पाचवी खेप तो करणार, तेवढ्यात बाळा आला.

बाळा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्तीचा मेकॅनिक. हात सोन्याचे, पण दारूने त्याची पार वाट लावली होती. त्याची बायको रेवती मुलीला घेऊन चेंबूरला माहेरी निघून गेली होती. कर्जतकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तो राहिला आणि खरोखर सुटला. सुटला तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं होतं, लिव्हर अर्धंअधिक गेलंय, आता आयुष्यात एक थेंब चालणार नाही. राहायला जागा नव्हती. सर्वेश त्याला घरी घेऊन आला.

त्याच्या आदल्या दिवशी सर्वेशच्या बायकोने, श्वेताने, स्पष्ट सांगितलं होतं, "तो येतोय तर हे सगळं घरातून बाहेर काढ."

सर्वेशने काढलं नाही, पण माळ्यावर टाकलं. बाटल्या, पिंप, यंत्र, सगळं. फ्रीजमध्ये भाजी गेली. तीन-चार महिने तो जेवणाच्या सुट्टीत गप्प असायचा, आणि आम्हालाही विचारवत नव्हतं.

बाळा व्यवस्थित होता. लिफ्टच्या एका छोट्या कंपनीत परत लागला. आईसाठी भाजी आणायचा, श्वेताचा मिक्सर नीट करून द्यायचा. रविवारी मालाडला बैठकीला जायचा. तिथे दारू सुटलेली माणसं आपापलं बोलतात. एका रविवारी तिथून आला आणि सर्वेशसमोर बसला.

"दादा, तू ते माझ्यामुळे बंद केलंस ना?"

"कंटाळा आला होता रे."

"खोटं नको बोलू. माळ्यावरचं सामान मी पाहिलंय. मला लाज वाटते यार. माझ्या पायी वहिनीने जपून वागायचं, आईने जपून वागायचं, तू हौस मारायची. मी काय लहान मूल आहे? बाहेर चौकाचौकात वाइन शॉप आहे. ते बंद करणार आहेस का?"

सर्वेश नाही म्हणाला. दुसऱ्या वेळीही नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी बाळा म्हणाला, "तुझ्या फ्रीजचं दुखणं काय आहे ते मी बघतो," आणि तिथे सर्वेश विरघळला. श्वेताशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. "त्याला हवंय म्हणून नाही, तुला हवंय म्हणून करतोयस," ती म्हणाली. हे त्याने मला जसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाला, "ती उगाच घाबरते."

बाळाने फ्रीजला बाहेरून एक तापमानाचं यंत्र लावून दिलं. लिफ्टच्या जुन्या पॅनेलमधला रिले, एक सेन्सर, आणि हिरवे-लाल दिवे. पारा हलायचं नाव घेईना. मग दोघा भावांनी मिळून पाचवी खेप लावली. त्या दिवशी मी गेलो होतो. सर्वेश मोठ्या पातेल्यात मॉल्ट शिजवत होता. मॉल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं जव. काळं मॉल्ट मात्र त्याने आदल्या दिवशीच थंड पाण्यात भिजत घातलं होतं. त्याने रंग उतरतो, करपटपणा उतरत नाही. ते काळं पाणी त्याने अगदी शेवटी ओतलं. बाळा शेजारी थर्मामीटर धरून उभा. हॉप्सची पाकिटं फोडली तेव्हा त्याने ओंजळीत घेऊन वास घेतला.

"दादा, मोसंब्याच्या सालीसारखा येतो."

"अजून?"

"आणि... गावच्या घरी फणसाचं लाकूड कापलं होतं ना, तसा."

सर्वेशने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भावाला बक्षीस मिळालंय. हे दोघे लहानपणी कधी एकत्र खेळले नव्हते. वडिलांच्या भीतीने एक घरात थांबायचा, तर दुसरा पळून जायचा. चाळिशीच्या आसपास ते पहिल्यांदा एकत्र काहीतरी करत होते, आणि ते पाहून मलाही बरं वाटलं होतं. काकू तेवढ्या देवळात जाऊन बसल्या होत्या.

बिअर फसफसली, शांत झाली. बाटल्या भरल्या. बूच दाबायचं काम बाळाने केलं. सर्वेशच्या हातून एखादं बूच तिरकं बसायचं, त्याच्या हातून एकही नाही. बाटल्या भरल्यावर आत वायू धरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. खोकी पलंगाखाली सरकवली गेली. मध्ये एकदा सर्वेशने एक बाटली उघडून पाहिली. चव कोवळी होती, पण वाट बरोबर होती. बाळाने नुसता वास घेतला आणि ग्लास परत दिला. सर्वेशने ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना सांगितली. "एवढा कंट्रोल मला नाही," म्हणाला.

ते आठवडे पुरे व्हायच्या आतच काकू एका संध्याकाळी त्याला म्हणाल्या, "बाळाच्या तोंडाक वास येता रे."

"आई, घरभर वास आहे. पिंप धुतलंय कालच."

"माका शिकवू नको. ह्यो वास माका म्हायत आसा. तुझ्या बापाशीक असोच येय."

"तू त्याच्यावर संशय घेणं बंद कर गं. तेवढ्यानेच माणूस परत पितो."

बाळा दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत होता. त्याने ऐकलं असेल किंवा नसेल.

चाखायचा रविवार माझ्याकडे घाटकोपरला ठरला. सर्वेश बर्फाच्या पेटीत सहा बाटल्या घालून टॅक्सीने आला. आमचा मित्र निहार मुलुंडहून आला होता, आणखी दोघं होते. सर्वेशने नवा शर्ट घातला होता. पाच खेपांच्या तपश्चर्येवर त्याने छोटंसं भाषणही केलं. मग पहिली बाटली उघडली.

आवाज आला नाही. बिअरची बाटली उघडताना जो फस्स होतो, तो झालाच नाही. त्याने ओतली. काळीभोर, पण फेस नाही. निहारने ग्लास नाकाशी नेला आणि खो खो हसायला लागला.

"अरे, हा तर कोरा चहा आहे!"

आम्हा सगळ्यांना वाटलं, सर्वेशने फिरकी घेतली. सगळे हसले. सर्वेशने दुसरी उघडली. चहा. तिसरी. चहा. चौथी उघडताना तो बूच उलटसुलट करून बघत होता हे मला दिसलं, पण बाकीचे अजून हसतच होते. चौथीही तीच. तेव्हा तो एकदम सरळ बसला आणि हसून म्हणाला, "फसलात ना? खरी बिअर घरी आहे. अजून आठवडा द्यायचाय तिला." इतकं सफाईदार खोटं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पेटीतल्या उरलेल्या दोन बाटल्यांना त्याने हात लावला नाही.

जिन्यात त्याने माझा दंड धरला. "माझ्याबरोबर घरी चल. एकट्याला जमणार नाही."

टॅक्सीत तो एवढंच म्हणाला, "बुचं किती सरळ बसली होती बघितलंस?"

घरी श्वेता नव्हती. बाळा ओट्यापाशी बसून आईला लसूण सोलून देत होता. सर्वेशने चहाची एक रिकामी बाटली त्याच्यासमोर ठेवली. बाळाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"सगळ्या नाही संपवल्या," तो म्हणाला. "मागच्या खोक्यात तुझ्यासाठी ठेवल्यात."

"कधीपासून?"

"एका बुधवारी. घरी कोणी नव्हतं. काही झालं नव्हतं रे. रेवतीचा फोन नाही, भांडण नाही, काही नाही. जेवलो होतो, पलंगाशेजारी खाली झोपायला पडलो होतो. खोकं पायाला लागलं."

मग तो जे बोलला ते ऐकून मला तिथून उठून जावंसं वाटलं. तो म्हणाला, "दादा, झाली आहे रे. चांगली झाली आहे. काळी आहे पण करपट अजिबात नाही. तुला पाहिजे होती ना, अगदी तशीच. मला सांगायचं होतं तुला, पण सांगणार कसं?"

काकूंच्या हातातली सुरी तशीच राहिली. पुढे कितीतरी महिन्यांनी सर्वेश मला म्हणाला, "त्या क्षणी मला आधी काय वाटलं माहितेय? आनंद झाला. जमली, असं वाटलं. मग बाकीचं."

पुढच्या खोक्यातली बिअर संपल्यावर बाळाने बाहेरची सुरू केली होती, तेही कबूल केलं. कामावर जातो म्हणून निघायचा आणि स्टेशनजवळ बसायचा. सर्वेशने कर्जतच्या केंद्राला फोन लावला. आठवड्याने जागा होणार होती. उरलेल्या बाटल्या त्याने न्हाणीघरात नेऊन एकेक ओतल्या. बाळा दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. घरात मोसंब्याच्या सालीचा वास सुटला होता. एका बाटलीपाशी सर्वेश थांबला. मला वाटलं, आता एक घोट घेणार. नाही घेतला. ओतून टाकली.

"आता मी जाईन केंद्रात," बाळा म्हणाला. "खरंच जाईन."

माझी खात्री आहे, तो गेला असता.

त्याच आठवड्यात एका सकाळी तो दात घासायला उठला आणि बेसिन लाल झालं. अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. लिव्हर गेलेल्या माणसाचं हे होतं, डॉक्टर म्हणाले. श्वेताने रिक्षा थांबवली, सर्वेशने त्याला उचललं. रिक्षात बाळा शुद्धीत होता. "सीट खराब होतेय," असं रिक्षावाल्याला सांगत होता. सरकारी हॉस्पिटलात रक्त चढवलं, शिरा बांधल्या, एकदा वाटलं थांबलं. तिसऱ्या दिवशी परत सुटलं, आणि मग थांबलं नाही.

रेवती आली होती. तिने रडून घेतलं, कुणाला दोष दिला नाही. सर्वेश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही नसता तरी हे झालंच असतं." सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं. निहारने सांगितलं, मालाडच्या बैठकीतल्या लोकांनी सांगितलं, मीही सांगितलं. पिणारा कुठूनही पितो. वाक्य खोटं नाही. पण ते ऐकताना सर्वेश समोरच्याच्या तोंडाकडे असं बघायचा, जणू तो माणूस दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

श्वेता काही म्हणाली नाही. तिचं आधीच सांगून झालं होतं.

काकू तेराव्यापर्यंत बोलल्या नाहीत. तेराव्याला पानं उचलून झाल्यावर सर्वेश त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, मला बोल. काहीतरी बोल."

काकूंनी बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "भायर जावन पिलो असतो तर तेका गाळी घातल्या असत्या. तुझो बापूस पियाचो तेव्हा तेका घालीच होतंय. आता कोणाक घालू? तू पन माझोच."

त्या हात काढून आत गेल्या. तो तिथेच बसून राहिला. ओल्या फरशीवर, पुसणाऱ्या बाईने दोनदा उठायला सांगूनही.

बाल्कनी त्याने रिकामी केली. पातेलं, पिंपं, यंत्र, सगळं भंगारात गेलं. निहार म्हणाला होता, मला दे, चांगलं सामान आहे. सर्वेश त्याच्यावर एवढा ओरडला की दोघांचं बोलणं तुटलं, ते अजून जुळलेलं नाही. आमचे रविवारही संपले. कुणी मुद्दाम बंद केले नाहीत, पुढचा कुणी ठरवलाच नाही.

दिवाळीच्या आधी बाळाची मुलगी श्रुतिका काकूंना भेटायला चेंबूरहून आली. पंधरा वर्षांची आहे, बाळासारखीच रुंद कपाळाची. मी त्या दिवशी सर्वेशचे ऑफिसचे कागद द्यायला गेलो होतो. काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून ती बराच वेळ पडली होती. मग उठून बाहेर आली आणि सर्वेशच्या समोर बसली.

"काका, पप्पा शेवटी इथे होते तेव्हा कसे होते?"

सर्वेशने तिला सांगितलं. तो सकाळी लवकर उठायचा, आजीसाठी भाजी निवडायचा, फ्रीजसाठी त्याने कसं यंत्र बनवलं, लाल-हिरवे दिवे कसे लागायचे. हे सांगताना पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा झाला होता. मुलगी ऐकत होती. मध्ये हसलीसुद्धा.

मग म्हणाली, "आई सांगते आजारी पडून गेले. पिऊनच गेले ना?"

"हो."

"परत कुठून सुरू केलं त्यांनी?"

स्वयंपाकघरातून श्वेता दारात आली. तिने मान हलवून सर्वेशला नाही म्हटलं. मलाही वाटलं, सांगू नको, पोर आहे.

"माझ्याकडून," सर्वेश म्हणाला. "मी घरी बिअर करायचो. ती त्याने घेतली."

"तुम्हाला माहीत होतं त्यांचं?"

"माहीत होतं."

श्रुतिकाने खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. रडली नाही. उठली, आजीच्या पाया पडली, श्वेताने भरून दिलेला फराळाचा डबा घेतला आणि चपला घालायला लागली. सर्वेश तिला स्टेशनपर्यंत सोडायला निघाला तेव्हा म्हणाली, "नको काका. मी जाईन."

तिचं येणं त्यानंतर झालेलं नाही. काकू फोन करतात तेव्हा ती त्यांच्याशी बोलते, त्याच्याशी नाही. सर्वेश हल्ली रविवारी मालाडला जातो. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांची तिथे वेगळी बैठक असते. मागच्या बाकावर बसतो. बोलायची पाळी आली की नाव सांगतो, भाऊ होता म्हणतो, आणि पुढच्या माणसाकडे बघतो. मी एकदा विचारलं, तेवढ्यासाठी एवढ्या लांब कशाला जातोस रे?

"घरी बसून काय करू?" तो म्हणाला, आणि समोरच्या पत्र्याचा करडा रंग परत जुळवायला घेतला.